भाऊबीजेची जादू

भाऊबीजेची जेवणं आटोपली, की आमचे भावजी खिशातून पत्त्यांचा कॅट काढतात आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. जादू दरवर्षी तीच. तळाचं पान चोरून बघायचं, समोरच्याचं पान बरोबर त्याच्याखाली ठेवायचं आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचं. शेंबडं पोरही ओळखेल. पण जावयाची जादू पकडायची आमच्यात पद्धत नाही. आई "अगंबाई!" म्हणते, बाबा टाळ्या वाजवतात. खोटं ताटाभोवतीच्या रांगोळीसारखं मांडलं, की त्याला आपण पाहुणचार म्हणतो.

यंदा त्यांनी ताईलाच पान काढायला लावलं. मी शेजारीच होतो, मला ते दिसलं. बदामची राणी. भावजींनी पिसलं, पुटपुटले आणि ऐटीत किलवरचा गुलाम वर धरला.

"हेच ना गं?"

"नाही" माझ्या ओठांवर आलंच होतं. ताईने माझा गुडघा घट्ट दाबला.

"अय्या, हेच!" ती म्हणाली. हसलीसुद्धा. टाळ्या पडल्या.

"काय मेहुणे," भावजी मला म्हणाले, "कळलं का कसं केलं ते?"

मी त्यांच्याकडे बघतच नव्हतो. मी ताईचा चेहरा बघत होतो. त्यावरची एक रेघसुद्धा हलली नव्हती. इतकी सफाई एका दिवसात येत नाही. त्या घरात तिचा रोज सराव चालत असणार, आणि आम्ही दर भाऊबीजेला टाळ्या वाजवत आलो.