ओगल्यांच्या कपाटातली माणसे

"आज जानकीला जेवण घालायचंय, मास्तर. पाच मिनिटं बसा."

त्रिंबकराव ओगल्यांच्या तोंडचे मी ऐकलेले हे पहिले वाक्य. एकोणीसशे तिसाच्या सुमाराला आगरदांड्याच्या शाळेवर माझी बदली झाली होती आणि शेजारी म्हणून ओळख करून घ्यायला मी त्यांच्याकडे गेलो होतो. घरात दुसरे कोणी दिसत नव्हते. त्यांनी कपाटातून बोटाएवढी एक काचेची नळी काढली, दिव्यावर तार लाल करून निववली, त्या नळीतले काहीतरी तारेच्या टोकाने दुसऱ्या नळीत टेकवले आणि कापसाचा बोळा बसवला. "जेवली," असे म्हणून ते हात धुवायला गेले. परतताना मी दुकानदाराला विचारले, ही जानकी कोण? तो म्हणाला, "कोळीवाड्यातली. हिराबाईची पोर. उन्हाळ्यात पटकीनं मेली की."

ओगले डॉक्टर नव्हते. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत त्यांनी वीस वर्षे काचा धुतल्या आणि साहेबांची भाषणे ऐकली. त्यांपैकी काचा धुणे पुढे उपयोगी पडले, असे ते सांगत. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीत त्यांना सूक्ष्मदर्शक देऊन इकडे धाडले आणि साथ ओसरल्यावर परत बोलवायला बहुधा विसरले. त्यांनीही आठवण करून दिली नाही.

ब्राह्मणाच्या घरी मटणाचे पाणी शिजते ही गावातली मोठी बातमी होती. त्या पाण्यात चायनाग्रास विरघळवून ओगले ते नळ्यांत गोठवत आणि त्यावर रोग्यांच्या पोटातून आलेले पटकीचे जंतू वाढवत. दर अमावास्येला त्यांना नव्या नळीत हलवायचे, नाहीतर उपाशी मरतात. प्रत्येक नळीवर त्या रोग्याचे नाव चिकटवलेले. गोविंद, सखू, इब्राहीम, जानकी. अशी अकरा नावे होती, आणि त्यांतली नऊ माणसे जगात नव्हती. त्यांच्या पोटातले जे होते ते मात्र कपाटात दर महिन्याला जेवत होते.

"नावं कशाला? आकडे घाला," मी एकदा म्हणालो.

"आकडा हाताळताना हात निष्काळजी होतो, मास्तर. सखूला कोणी आपटत नाही."

गावाने या कपाटाबद्दल बरेच काही रचले होते. ओगल्यांचे ठरलेले उत्तर एकच: "पाहिलंत की ऐकलंत?" एकदा गावचे पाटील सांगत आले की कपाटातून दुपारी विव्हळणे येते. ओगल्यांनी गंभीरपणे विचारले, "पाहिलंत की ऐकलंत?"

"ऐकलं, म्हणजे लोकांनी ऐकलं."

"मग तुम्हीही ऐका. कपाटाला कान लावून बसा, मी चहा टाकतो."

पाटील चहाला थांबले नाहीत. मी हसलो, पण पुढे एका दुपारी ओगले खाडीवर गेलेले असताना, त्यांची वाट पाहत बसल्या बसल्या, माझा कान त्या कपाटाच्या दारापासून वीतभर अंतरावर आला आहे हे माझ्या लक्षात आले. मी अंगणात जाऊन बसलो.

खाडीवर ते पाणी आणायला जात. जंतूंनाही पटकी होते, हे त्या काळातले नवे शास्त्र. खाडीच्या, विहिरीच्या पाण्यात असे काही असते की ते जंतूंनाच खाते, आणि ते इतके बारीक की सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. जंतू वाढून धुरकट झालेल्या काचेच्या बशीवर ओगले त्या पाण्याचा थेंब टाकत. दुसऱ्या दिवशी तिथे स्वच्छ भोक पडलेले असे, कसर लागलेल्या कापडासारखे. गोविंद गेला, सखू गेली, इब्राहीमही गेला. जानकीच्या बशीवर भोक पडेना. "ही कोणाला दाद देत नाही," ओगले म्हणत, आणि त्यांच्या आवाजात तक्रारीपेक्षा कौतुक जास्त असे. "हिला खाणारं सापडलं तर बाकीच्यांची काळजी नाही."

साथ उतरली की कोळीवाड्यात एक रीत होती. पांगाऱ्याच्या लाकडाची हातभर होडी करायची, तीत कुंकू, हिरव्या बांगड्या, भात आणि नारळ ठेवून ओहोटीला सोडायची, म्हणजे मरी, साथीची देवी, निघून जाते. खाडीपलीकडे दिघी गावचे लोक बांबू घेऊन उभे असत आणि ती होडी परत ढकलत. एक बडे अधिकारी लाँचने आले, खुर्चीवर बसून या अडाणीपणावर अर्धा तास बोलले आणि विहिरीच्या पाण्याला हात न लावता तीन शहाळी पिऊन गेले. ओगले म्हणाले, "दोघांनाही ठाऊक आहे की रोग पाण्यातून जातो. कोळी निदान कबूल तरी करतात."

पण जानकी मेली त्या साली होडी गेली तरी हिराबाईचे समाधान झाले नव्हते. जानकीचा जीव जाण्याच्या तासभर आधी ओगल्यांनी तिची नळी भरून घेतली होती. हिराबाईचा हिशेब सरळ होता: सगळ्यांची मरी होडीतून गेली, तिच्या लेकीची कपाटात राहिली, आणि तिच्या पाठोपाठ लेकही अडकली. ती भांडायला आली. ओगल्यांनी वाद घातला नाही. खिडकीशी सूक्ष्मदर्शक लावून तिला पाहायला सांगितले.

बराच वेळ ती वाकून होती. "बाय माजी," ती हळूच म्हणाली, "ही तर मासळी हाय. झुंडीनं पलतेय."

तेव्हापासून ती दर अमावास्येला येई, डोळा लावी आणि विचारी, "कवा सोडणार, डॉक्टर?"

"हिला खाणारं सापडलं की उकळून टाकीन."

"उकळू नका. मरताना पानी पानी करत व्हती. तिला पान्यात सोडा."

"जिवंत पाण्यात सोडली तर दुसऱ्याच्या पोरी मरतील, हिराबाई."

ती निघून जाई. पुढच्या अमावास्येला पुन्हा येई. असे चार वर्षे चालले.

ओगले हिवतापाने गेले, तीन दिवसांत. ज्या रोगाचा त्यांनी कधी अभ्यास केला नाही तोच नेमका त्यांच्याकडे आला. उशाखाली माझ्या नावाची चिठ्ठी होती: "सगळ्या नळ्या एक तास उकळा. जानकी शेवटी. मेलेला जंतूही पाण्याच्या धक्क्यानं जागच्या जागी थरथरतो, त्याला जीव समजू नका." खाली आणखी एक ओळ: "हिराबाईला कळवा."

हिराबाई सकाळीच आली. कमरेवर पाण्याची कळशी आणि हातात पांगाऱ्याची होडी. दहा नळ्या झाल्यावर मी जानकीची घेतली. घड्याळ लावून तास भरवला, पातेले थोडे निवू दिले. नळीतला पातळ झालेला रस एका लहान मडक्यात ओतला. हिराबाई म्हणाली, "आदी दाखवा."

ओगल्यांनी मला शिकवले होते तसा मी थेंब काचेवर घेतला. ती वाकली. अंगणात कावळा ओरडत होता, तोही थांबल्यासारखा वाटला.

"मास्तर, हालतेय."

मी चिठ्ठीतले वाक्य म्हणून दाखवले.

"तुमी बगा."

मी पाहिले. सगळे जागच्या जागी थरथरत होते, हुडहुडी भरल्यासारखे.

"कुटं जात न्हाय ना?"

"नाही."

"मग थंडी वाजत आसंल," ती म्हणाली. मडके तिने पदराखाली धरले. बंदरावर जाऊन होडीत ठेवले, शेजारी कळशीतल्या गोड्या पाण्याचा गडू ठेवला आणि ओहोटीच्या धारेत होडी लोटली. पलीकडे दिघीला कोणी बांबू घेऊन उभे नव्हते. साथ नव्हती, कोणाला पत्ताही नव्हता. होडी दिसेनाशी झाली तेव्हा चार वर्षांत पहिल्यांदा मी तिला रडताना पाहिले.

मी परत आलो. घर रिकामे, कपाट उघडे. खिडकीशी सूक्ष्मदर्शक होता आणि त्याखाली तो थेंब अजून तसाच. पुन्हा एकदा वाकून पाहिले असते तर ते अजून जागच्या जागीच आहेत की पळायला लागले आहेत, ते कळले असते. "पाहिलंत की ऐकलंत?" असे ओगल्यांनी विचारले असते. मी डोळा लावला नाही. काच चिमट्याने उचलून पातेल्यात टाकली, चूल पुन्हा पेटवली आणि आणखी एक तास तिच्याकडे पाठ करून बसलो.