मताला न आलेला विषय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी —

नागपुरातल्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवायचो. शीतल मेश्राम माझी विद्यार्थिनी. वडील सावनेरकडे कोळसा खाणीत. तिचा प्रबंध अमेरिकेच्या कायदेमंडळावर होता. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन पक्षांतले सनातनी सभासद कृष्णवर्णीयांच्या हक्कांचं विधेयक आलं की कसे एक व्हायचे, यावर. बहुतेकदा ते विधेयक पाडत नसत — समितीतच अडकवून ठेवत. मतदानच झालं नाही, तर विरोधक म्हणून नाव कुणाचं घेणार? माझ्या हाताखाली इतकं चांगलं काम दुसरं झालं नाही.

मग आमच्या विभागात जागा निघाली. मुलाखतीत शीतल सगळ्यांत सरस. निवड समितीत मी होतो आणि देशकर सर. ते परंपरावादी, मी पुरोगामी. कित्येक वर्षं आम्ही बोलत नव्हतो. त्या आठवड्यात ते माझ्या घरी आले. चहा झाला. मुलगी हुशार आहे, पण विभागाचं वातावरण बदलेल, असं काहीसं म्हणाले. तिचं आडनाव दोघांनीही उच्चारलं नाही. गरज होती का?

मला तिची भीती होती, असं म्हणता आलं असतं. पण नाही. ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसणार, बरोबरीनं — तेवढंच मला सहन होत नव्हतं.

मग मी म्हणालो — हो, मीच —

"नाकारू नका. कागदपत्रांत त्रुटी काढा, विषय पुढच्या बैठकीवर टाका. मुदत संपली की जागा आपोआप जाईल."

त्यांना हे सुचलं नव्हतं. मला तिच्या प्रबंधातून सुचलं.

जागा गेली. मी शीतलला सांगितलं, देशकरांनी अडवलं, मी खूप भांडलो. तिनं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? माझी भाषणं तिनं ऐकली होती.

आता ती मौद्याला तासिका तत्त्वावर शिकवते. माझ्या निरोप समारंभाला वडिलांना घेऊन आली. त्यांनी माझा हात धरला.

"सर, पोरीसाठी तुम्ही एकटेच भांडले. तिनं सांगतलं मले."

मी म्हणालो, ते माझं कर्तव्यच होतं.

देशकर दोन खुर्च्या पलीकडे बसले होते. त्यांनी ऐकलं आणि मान खाली घातली.

मी घातली नाही.