जोडलेलं कोपर

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली इस्त्रीचं टेबल लावणाऱ्या माणसाला सगळे घडीकाका म्हणत. शर्टाची घडी अशी घालायचे की तो अंगात चढवायला जिवावर यायचं. डावा हात लहानपणीच लुळा पडलेला, कापड दाबून धरण्यापुरता. सगळी भिस्त उजव्यावर. कपड्यांचा गठ्ठा घेऊन जिन्यावरून पडले तेही त्याच हातावर. कोपराचा भुगा झाला.

शेजारी म्हणून इस्पितळात काका-काकूंसोबत मीही होतो. सर्जननं आडपडदा ठेवला नाही. "कृत्रिम सांधा बसवता येईल, पण जड इस्त्री त्याला पेलणार नाही. नाहीतर प्लेट टाकून हाडं कायमची जोडतो. हात भक्कम राहील, पण कोपर परत वाकणार नाही. ते कसं जोडायचं, आत्ताच ठरवा. टेबलावर चालेल असं जोडलं तर हात तोंडापर्यंत पोचणार नाही. तोंडापर्यंत पोचेल असं जोडलं, तर इस्त्री विसरा."

काका विचारात पडले. काकू पडल्या नाहीत. "टेबलावर चालेल असंच जोडा," त्या म्हणाल्या. "भरवायला मी आहे की."

काकांचे डोळे भरून आले. माझेही आले. गाढवच आम्ही दोघं.

ऑपरेशन छान झालं. इस्त्री पुन्हा फिरू लागली. दुपारी काकू डबा आणायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर घास भरवायच्या. इमारतीतल्या नवऱ्यांनी आपापल्या बायकांना "शिका जरा" म्हणून ऐकवून घेतलं. इस्पितळातून एक लांब दांड्याचा, वाकडा चमचा मिळाला होता. त्यानं काका आपलं आपण जेवू शकले असते. काकूंनी तो भंगारात घातला. म्हणे, लोकांना वाटेल बायको भरवत नाही.

दाराआड मात्र वेगळाच कारभार. काका उलट बोलले की घास हवेतच थांबायचा. काकूंच्या रिकामटेकड्या भावाला घरात घ्यायला त्यांनी नकार दिला, त्या दिवशी काकू समोर बसून पोटभर जेवल्या. काका वाकून ताटात तोंड घालायला गेले, तर त्यांनी ताट ओढून घेतलं. "शोभतं का हे?" हे मला काकांनीच सांगितलं, माझ्या पँटवर इस्त्री फिरवताना, मान वर न करता. भाऊ दुसऱ्याच दिवशी बाडबिस्तरा घेऊन हजर झाला.

तपासणीला आम्ही तिघं गेलो. सर्जन एक्स-रेवर बेहद्द खूश. "काही तक्रार?"

"मोडा," काका म्हणाले. "तोंडाकडे जोडून द्या."

सर्जननं एक्स-रे खाली ठेवला. "करता येईल. पण इस्त्री सुटेल."

"सुटू दे."

"आणि मग खायचं काय?" काकू शांतपणे म्हणाल्या. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, याचाच मला जास्त संताप आला. काकांनी मान खाली घातली आणि सर्जननं फाइल मिटली.

घरी आल्यावर काकूंनी मलाही बसवून घेतलं. काकांचं ताट वाढलं. घास केला आणि त्यांच्या ओठांपाशी धरला.

"डॉक्टरांना काय म्हणत होता?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"चुकलं माझं."

"शेजाऱ्यांना ऐकू नाही आलं."

काका पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. काकूंनी घास तोंडात सारला, रुमालानं त्यांची हनुवटी पुसली आणि मला म्हणाल्या, "तुम्हीही जेवूनच जा."