मेहुण्यांचे चार रस्ते

मानवी स्थलांतराचा सखोल अभ्यास केलेला माणूस उभ्या खानदेशात एकच झाला, आणि तो माझ्या बायकोचा मावसभाऊ आहे. या अभ्यासाची दहा वर्षं मी जवळून पाहिली. त्या काळात मेहुणे स्वतः जळगावच्या पलीकडे फारसे गेले नाहीत, पण त्याचा अभ्यासाशी संबंध नाही. केळी पिकवण्याच्या शीतगृहांमधली यंत्रं दुरुस्त करणं हा त्यांचा व्यवसाय. कॉम्प्रेसरवर नुसता तळहात ठेवून ते त्याचं दुखणं सांगत, आणि ते सहसा खरं निघे. ऑस्ट्रेलियाला ज्या कारागिरांची गरज आहे त्यांच्या यादीत आपल्या कामाचं नाव आहे, हे त्यांना पस्तिसाव्या वर्षी कळलं. बायकोला घेऊन तिथे कायमचं राहायला जायचं, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं. राहिला होता फक्त रस्ता निवडायचा.

रस्ते चार होते. एक वय, शिक्षण, अनुभव आणि इंग्रजी यांचे गुण मिळवून स्वतःच्या बळावर जाण्याचा. दुसरा तिथल्या एखाद्या राज्याची शिफारस मिळवण्याचा. तिसरा आधी काही वर्षं आडगावात काढून मग कायम होण्याचा, आणि चौथा तिकडच्या मालकाने बोलावून घेण्याचा. साध्या माणसाने यातला एक धरून अर्ज टाकला असता. मेहुण्यांनी तक्ता केला. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या बाजू जोडून केलेला हा तक्ता बैठकीच्या भिंतीवर असे, आणि पाहुण्याला पाण्याआधी तो दाखवला जाई. घेतलेल्या घरामागेही अशीच साधना होती. ते कामाला जळगावात, त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, धुळ्यात एका रुग्णालयात नर्स; म्हणून तीन वर्षं विचार करून त्यांनी पारोळ्यात घर घेतलं. रोज सकाळी एकाने पूर्वेची एसटी धरायची, दुसरीने पश्चिमेची. "यात कोणावरच अन्याय नाही, दाजी," असं ते मला समाधानाने सांगत. दोघांवर सारखाच झाला होता, हे खरं.

तिसऱ्या रस्त्यासाठी गाव निवडताना त्यांनी तिथल्या एका छोट्या गावाच्या नगरपालिकेला पत्र लिहून विचारलं, "आपल्याकडे नळाला किती दिवसांनी पाणी येतं?" पलीकडून नम्र उत्तर आलं की प्रश्न नीट समजला नाही. मेहुण्यांनी ते पत्र माझ्यासमोर धरलं. "बघा, उत्तर टाळलंय. म्हणजे आठ दिवसांच्या वरच असणार." मी म्हटलं, "कदाचित रोज येत असेल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू शिकूनसवरूनही माणूस एवढा भोळा राहतो याचं त्यांना वाईट वाटत होतं. त्या गावावर लाल रेघ बसली. पुढे आणखी पाच गावांनी असाच प्रश्न समजत नसल्याचा बहाणा केला, आणि तिसरा रस्ता वर्षभर बंद राहिला.

इंग्रजीच्या परीक्षेला ते तीनदा बसले. नापास म्हणून नव्हे. प्रत्येक वेळी उत्तम गुण मिळत आणि रस्ता ठरेपर्यंत निकालाची मुदत संपे. तोंडी परीक्षेत एकदा 'तुम्हाला कुठे जायला आवडेल' या विषयावर दोन मिनिटं बोलायचं होतं. मेहुण्यांनी चारही रस्त्यांची तुलना सुरू केली. परीक्षकाने थांबवलं तेव्हा ते दुसऱ्यावर होते.

त्यांचे वडील, नाना, ओट्यावर बसून हे सगळं ऐकत. अधूनमधून म्हणत, "तुनं बठ्ठं खरं शे रे भाऊ, पन तू जाशी कवय?" मेहुण्यांच्या लेखी 'कधी जाशील' हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता.

खरी अडचण अशी होती की मेहुण्यांचा तक्ता वाढत होता तसं त्यांचं वयही वाढत होतं. चाळिशी आली तेव्हा वयाचे दहा गुण एका रात्रीत गेले. पंचेचाळीस पूर्ण झाली की चारही रस्ते संपणार होते. त्या वाढदिवसाला दोन महिने उरले असताना, थंडीतल्या एका रविवारी, त्यांनी आम्हाला भरिताच्या जेवणाला बोलावलं. दोन रस्ते बाद झाले होते, दोन उरले होते. "तुम्ही सांगा, दाजी," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी मला प्रथमच काही विचारलं होतं. आवाज नेहमीचा नव्हता. तक्त्याच्या कडा पिवळ्या पडल्याचं मला त्या दिवशी दिसलं.

मी निव्वळ कुतूहलाने विचारलं, "यात वहिनी कुठे आहेत?"

"ही काय," त्यांनी खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. "जोडीदाराचे गुण."

"तसं नाही. अर्ज त्यांनीच केला तर?"

मेहुण्यांचं बोट पुन्हा तक्त्यावरून फिरू लागलं. वहिनी भाजलेली वांगी सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझे गुण मी मोजलेत. दोन वर्षं झाली. तुमच्यापेक्षा जास्त होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोट फिरवत होता. मधे कुठे बोलू?"

माझ्या बायकोने मला कोपराने ढोसलं, मी हसू आवरलं. मेहुण्यांनी खुर्ची ओढून वहिनींसमोर घेतली आणि दहा वर्षांत न विचारलेला प्रश्न विचारला, "तुला जायचंय का?"

वहिनींनी सोललेलं वांगं परातीत ठेवलं. "तिकडे एका नर्सकडे मोजकेच पेशंट असतात म्हणे. इथे अख्खा वॉर्ड एकटीवर. एखादा म्हातारा बोलायला लागला की मी पुढच्या कॉटवर पोचलेली असते. एकदा एका पेशंटचं पूर्ण ऐकून घ्यायचंय मला." मग हात पुसत म्हणाल्या, "आणि रस्ता कुठला ते विचारू नका. जो आधी बोलावेल तो."

मेहुण्यांना हे शेवटचं वाक्य सोसायला जड गेलं. तरी वहिनी धुळ्याहून येईपर्यंत त्यांचे कागद लावून ठेवणं, त्यांना इंग्रजी उतारे वाचून दाखवणं, रात्रपाळी असली की डबा पोचवणं, हे सगळं त्यांनी दोन वर्षं बिनतक्रार केलं. मधे त्यांचा पंचेचाळिसावा वाढदिवस येऊन गेला. त्या दिवशी ते कामावरून उशिरा आले आणि न जेवता झोपले, असं वहिनी सांगत होत्या.

आता नाना धाकट्या मुलाकडे एरंडोलला असतात. धुळ्याला जाताना पारोळ्यात एसटी थांबली की माझी मान आपोआप त्या घराकडे वळते. दाराला कुलूप असतं. मला पाण्याआधी तक्ता दाखवणारं आता कोणी नाही, आणि खरं सांगायचं तर त्यावाचून चुकल्यासारखं होतं.

मंजुरीचं पत्र मी पाहिलं आहे. त्यात पहिल्या ओळीत वहिनींचं नाव आहे आणि दुसऱ्या ओळीत, पती म्हणून, मेहुण्यांचं. दुसऱ्या ओळीतल्या माणसाला वयाची अट नसते. नियमांच्या पुस्तकात तसं एक पान होतं. ते त्यांचं वाचायचं राहिलं होतं.