शकीलभाई आणि सातवा फर्मा

आमच्या ‘पानोपानी’ या वाचनगटाचा तिसरा नियम असा होता, की वाचलेल्या पुस्तकावर दहा ओळी लिहायच्या. बोलून पाठवायचं नाही. नियम मीच केलेला. गट फोनवरचा, माणसं यवतमाळ जिल्ह्यातल्या गावोगावची, आणि दर महिन्याला एक विषय ठरवून त्यावरचं पुस्तक वाचायचं आव्हान. शकीलभाईंनी तिसरा नियम पहिल्याच दिवशी मोडला आणि पुढे कधी पाळला नाही. त्यांच्या आवाजाआधी हातोडीचे दोन ठोके यायचे, मागे एखादा ट्रक घुरघुरत असायचा, आणि मग, “सलाम सगळ्याइले. शकील मिस्त्री, वणी. पुस्तक झालं. आयका.”

मी लिहिलं, “शकीलभाई, कृपया लिहून पाठवा.” उत्तर आलं, तेही बोलूनच. “मॅडम, हाताले आइल हाय. लिवलं तं फोन खराब होते. बोललं तं काय खराब होते?”

मी तिसरा नियम पुन्हा एकदा गटावर टाकला; फरक पडला नाही. कळंबच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे मी. अर्धं आयुष्य दुसऱ्यांना गप्प बसवण्यात गेलं.

वणीत कोळशाच्या गाड्यांचे डिझेल पंप दुरुस्त करायचं त्यांचं दुकान. शिक्षण सातवी. एखादा सुटा भाग नागपूरहून यायची वाट पाहत बसावं लागे, तेव्हा वाचायची सवय लागलेली. पुस्तकाला मापही त्यांनी आपल्या धंद्यातलंच लावलं होतं. “पंप साफ करून परत बसवला आन् टेबलावर नट उरला, तं समजायचं मिस्त्री कच्चा,” ते म्हणत. मग एखाद्या लेखकाची पाठ थोपटायची झाली तर, “मानूस पक्का हाय. एकबी नट उरला नाई.” आणि एका गाजलेल्या जाडजूड कादंबरीवर, जिच्याबद्दल नेरच्या वानखडेबाईंनी भक्तिभावानं लांबलचक मजकूर लिहिला होता, शकीलभाईंचा निकाल असा: “तीन नट उरले. ते आत्या कुठं गेली? तिचं लगन ठरलं होतं ना?” वानखडेबाई आठ दिवस रुसल्या. मी वरवर त्यांची समजूत घातली, पण मनात म्हटलं, खरंच की, आत्या गेली कुठे?

दुकानात खोळंबलेल्या ड्रायव्हरांनाही त्यांनी वाचायला लावलं होतं. “पंप व्हायले चार तास लागन. तवर फोन घासत बसता काहून? घ्या, वाचा.” असे करत चार ड्रायव्हर त्यांनी गटात आणले. त्यातले एक प्रेमसिंग राठोड, मुकुटबनच्या पुढच्या लमाण तांड्यावरचे. हे चौघं फार बोलत नसत. महिनाअखेरीला फक्त ‘झालं’ एवढं लिहीत, आणि ते खरंच झालेलं असे, कारण शकीलभाई त्यांची तोंडी परीक्षा घेत.

एका महिन्याचा विषय मी ‘नदी’ ठरवला. वर हौसेनं भर घातली, की यावेळी एकच पुस्तक पाच जणांनी मिळून महिन्याभरात वाचायचं. शकीलभाईंचा निरोप आला, “वणीत नदीचं पुस्तक भेटून नाई राह्यलं, मॅडम. नदी हाय, पुस्तक नाई.” मला तोंड आवरलं नाही. मी लिहून बसले, की माझ्याकडे वर्धा आणि पैनगंगेच्या काठानं पायी फिरलेल्या एका माणसाचं जुनं पुस्तक आहे, आता कुठेच मिळत नाही. “मंग द्या ना जी,” ते म्हणाले.

ते पुस्तक बाबांचं. बाबाही शिक्षक. डावा पाय लहानपणापासून अधू, त्यामुळे घर ते शाळा एवढंच त्यांचं चालणं. पण दर उन्हाळ्यात ते हे पुस्तक काढून वाचत आणि समासात पेन्सिलीनं प्रश्न लिहीत. ‘नदी ओलांडायचा इथला उतार अजून चालू असेल?’ ‘हे देऊळ पुरात राहिलं का?’ कुणाला विचारलेले प्रश्न ते, कुणास ठाऊक. बाबा गेले, आणि त्यांच्या हातचं असं माझ्याकडे ते एवढंच उरलं. आजवर कुणाला दिलं नव्हतं. यावेळी दिलं, कारण सगळ्या गटासमोर बढाई मारून बसले होते आणि आता नाही म्हणायची लाज वाटली. वणीला लग्नाला निघालेल्या आमच्या शाळेतल्या बाईंच्या हाती पाठवलं. वर चिठ्ठी लावली, ‘जपून वापरा.’ बाबांचं आहे, हे मात्र लिहिलं नाही.

चौथ्या दिवशी गटावर फोटो आला. दुकानातल्या टेबलावर धुतलेलं फडकं, त्यावर ओळीनं मांडलेले पुस्तकाचे अकरा तुकडे. प्रत्येक तुकडा गाडीची कागदपत्रं ठेवतात तसल्या प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर पांढऱ्या रंगानं आकडा. खाली शकीलभाईंचा आनंदी आवाज: “आव्हान चालू झालं, मॅडम!” फोटो मोठा करून पाहिला तर पाचव्या पिशवीतून बाबांचं अक्षर दिसत होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक शब्द न लिहिता मी शकीलभाईंना गटातून काढून टाकलं, शाळेत रजेचा अर्ज टाकला आणि वणीची गाडी पकडली. वाटेत काय काय बोलायचं त्याची उजळणी केली. राळेगाव येईपर्यंत पोलिसात द्यायचं ठरलं होतं.

शकीलभाईंना मी तोवर पाहिलं नव्हतं. आवाजावरून धिप्पाड वाटायचे. निघाले काटकुळे, पांढरी दाढी, कानाच्या मागे पेन. “अरे मॅडम! सांगतलं असतं तं घ्यायले आलो असतो. बसा, चहा सांगतो.” त्यांना वाटलं, मी भेटायला आले.

“पुस्तक कुठे आहे?”

“दोन फर्मे इथं हाय. नऊ फिरून राह्यले.”

फर्मा म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या सोळा पानांचा जुडगा. असे अकरा जुडगे शिवून ते पुस्तक झालेलं होतं. शकीलभाई शांतपणे मला समजावू लागले, जशी मी मुलांना समजावते. “पुस्तक एक, महिना एक, वाचणारे पाच. दोन गाड्या चंद्रपूरले, एक नागपूरले, एक मुकुटबनले. सांगा बरं, कसं जमन? तसाबी धागा सडला होता. एक पान फाडलं नाई जी, धागा कापला. ज्याचा फर्मा वाचून झाला तो समोरच्या ढाब्यावर दुसऱ्याले देते. महिना संपला का परत शिवून टाकतो. पंप खोलल्याशिवाय चारजण मिळून काम करू शकत नाई.”

“पंप नाही तो!” मी ओरडले. रस्त्यावरची माणसं वळून पाहू लागली. “माझ्या वडिलांचं पुस्तक आहे. गुरुजी होते ते. त्यांच्या हातचं एवढंच राहिलंय माझ्याकडे, आणि तुम्ही ते ढाब्यावर वाटलंत?”

शकीलभाई स्टुलावर बसले. फडक्याला हात पुसले. “मले कोनी सांगतलं नाई जी,” एवढंच म्हणाले. आणि खरं म्हणजे नव्हतंच सांगितलं कुणी. निघताना म्हणाले, “पंधरा दिवस द्या. अकराचे अकरा आणून देतो. तुमी मले काढलं ते बरोबर केलं. पण त्या चौघाइले नका काढू. त्यायचं वाचन अर्ध्यात हाय.”

मी परतीच्या गाडीत रडले. थोडं पुस्तकासाठी, थोडं चिडून, आणि थोडं त्या शेवटच्या वाक्यामुळे.

गटावर बोलायला बंदी, त्यामुळे शकीलभाई एकेका ड्रायव्हरला फोन लावत. फर्मा आला की पिशवीचा फोटो मला येई. चार आला. नऊ आला. दहा दिवसांत दहा फर्मे जमले, राहिला सातवा. तो प्रेमसिंगकडे होता आणि प्रेमसिंगचा फोन बंद. मग शकीलभाईंचाही लागेना. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. सातव्यातच बाबांनी सगळ्यात जास्त लिहिलेलं. मी वर्गात उगाच खेकसू लागले, पोळ्या करपवू लागले. हरवला असणार फर्मा, आणि हा माणूस आता तोंड लपवतोय, अशी माझी खात्री झाली. वानखडेबाईंनी त्यात तेल ओतलं: “मी म्हणतच होते.” काय म्हणत होत्या, देव जाणे.

रविवारी सकाळी दारात मोटारसायकल थांबली. चतुर्थी होती, कळंबच्या चिंतामणीच्या दर्शनाला रस्ता तुडुंब, आणि त्या गर्दीतून वाट काढत शकीलभाई आलेले, पोटाशी शर्टाच्या आत पुस्तक धरून. तपकिरी रेक्झिनची बांधणी. ट्रकच्या सीटा शिवणाऱ्या मित्राकडून जाड दोऱ्यानं शिवून घेतली होती. मी दारातच उभी राहून फर्मे मोजले. अकरा. पुन्हा मोजले, आणि तिथेच पायरीवर बसले.

“फोन का बंद होता तुमचा?”

“तांड्यावर होतो जी. तिथं रेंज नाई. प्रेमसिंगनं फोन मुद्दाम बंद ठेवला होता. म्हने, भाई, फर्मा देतो, पण दोन दिवस थांबा, काम बाकी हाय. कायचं काम, सांगे नाई. त्याच्या याडीनं, म्हंजे मायनं, मले भाकर खाऊ घातली, मी बसलो. तिसऱ्या दिवशी आला, गुडघ्यापर्यंत चिखल. बसून काहीतरी लिवलं आन् देऊन टाकला.”

“लिहिलं? कशावर?”

मी पानं उलटली आणि पुन्हा डोकं फिरलं. बाबांच्या पेन्सिलीखाली निळ्या शाईची अक्षरं. एक नाही, पानोपानी. ‘नदी ओलांडायचा इथला उतार अजून चालू असेल?’ याच्या खाली: ‘नाही. पूल झाला.’ ‘हे देऊळ पुरात राहिलं का?’ याच्या खाली, दुसऱ्याच अक्षरात: ‘राहिलं. पायऱ्या गेल्या. मी दर सोमवारी तिथूनच जातो.’

“शकीलभाई, पुस्तकात लिहायचं नाही, हा सहावा नियम आहे आपला! कुणी सांगितलं यांना?”

शकीलभाई खरोखर गोंधळले होते. “गुरुजीनं सवाल विचारला होता ना जी. मानूस इतका सवाल विचारते, आन् आपल्याले जवाब मालूम हाय. द्यायचा नाई काय?”

मी सातवा फर्मा उघडला. पैनगंगेचा काठ. बाबांनी लिहिलं होतं, ‘इथे लमाणांच्या तळाची विहीर होती म्हणतात. अजून असेल का? पाणी गोड होतं का?’ खाली वाकड्या अक्षरात, दाबून दाबून लिहिलेलं: ‘आहे गुरुजी. झुडपात गेली होती. याडीले जागा माहीत होती, दोन दिवस साफ केली. पाणी गोड आहे. तुमच्या नावानं एक ओंजळ प्यालो. प्रेमसिंग.’

मला हुंदकाच फुटला. शकीलभाई बिचारे रस्त्यावरची गर्दी पाहत उभे राहिले. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, “नट उरला काय, मॅडम?”

“नाही हो, शकीलभाई. एकही नाही.”

त्यांना आत बसवलं, चहा टाकला, आणि चहा उकळेपर्यंत त्यांना परत गटात घेतलं. आता गटाला काहीतरी सांगणं भाग होतं. लिहायला बसले तर डोळ्यांतल्या पाण्यानं अक्षरं दिसेनात. मग मी फोन तोंडाजवळ धरला, घसा खाकरला आणि म्हटलं, “सलाम सगळ्यांना. सुनंदा, कळंब. नदीचं पुस्तक झालं. ऐका.”