कुजबुज ऐकू येणारी गाडी

आमच्या नाटक कंपनीत मी म्हाताऱ्यांच्या भूमिका करायचो, अगदी मिसरूड फुटल्यापासून. आता खरोखरचा म्हातारा झालोय, तर कुणी काम देत नाही. असो. आज माझं पुराण नको, आज कुजबुजचं.

कुजबुज म्हणजे आमचा प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाचं बाड उघडायचं आणि रंगमंचावरचा गडी अडखळला की त्याला पुढचं वाक्य पुरवायचं. ते नटाला ऐकू गेलं पाहिजे आणि पहिल्या रांगेला जाता कामा नये. सगळी उमर या माणसाने हेच केलं. त्यामुळे त्याचा आवाज कायमचा तसाच झाला. बँकेत, दुकानात, भांडणात, सगळीकडे तो असा बोलायचा की समोरच्याला वाटावं, हा आपल्याला काहीतरी गुपित सांगतोय. भांडणात तर फारच पंचाईत व्हायची. समोरचा जवळ येऊन, कान पुढे करून शिव्या ऐकून घ्यायचा.

दुसरी खोड त्याहून वाईट. कुणी बोलता बोलता थांबलं की हा वाक्य पुरवणारच. एकदा डॉक्टर कागद चाळत म्हणाले, "तुम्हाला..." हा हळूच म्हणाला, "साखर आहे." डॉक्टर म्हणाले, "हं, साखर आहे." महिनाभर बिचारा बिनसाखरेचा चहा प्यायला. मग कळलं की रिपोर्ट दुसऱ्याच कुणाचा होता.

आता एका वाक्याची गोष्ट सांगतो, कारण सगळं महाभारत त्याच्यावरून झालं. आमच्या एका नाटकाच्या शेवटी नायिका नायकाला कायमची सोडून जाते. ती म्हणते, "जाते मी." त्यावर नायकाचं पानभर भाषण होतं, त्यात वादळ, दीपस्तंभ, काळीज, सगळा माल होता. नायक म्हणजे आमचे महाराज. राजांच्या भूमिका करून करून ते कंपनीच्या जेवणातही राजासारखेच वाढून घ्यायचे. तर एका प्रयोगाला महाराज भाषण साफ विसरले. कुजबुजने पान उलटलं, तर पुढची दोन पानं एकमेकांना चिकटलेली. कुणीतरी बाडावर चहा सांडला होता. पानं सुटेनात, नायिका दारात उभी, महाराजांना घाम फुटलेला. शेवटी कुजबुजने मनानेच वाक्य दिलं. महाराजांनी ते आपल्या खर्जातल्या आवाजात म्हटलं: "छत्री घेऊन जा."

नाटकात पाऊस नव्हता. छत्रीही नव्हती. पण थिएटरभर बायाबापड्या नाक शिंकरायला लागल्या. पेपरात आलं, काय तो संयम! तेव्हापासून भाषण गेलं आणि छत्री राहिली. महाराज जागोजागी सांगत फिरले की त्या वाक्यासाठी आपण तीन रात्री झोपलो नव्हतो.

कुजबुजने तेव्हा तोंड उघडलं नाही. प्रॉम्प्टरने सांगायचं नसतं, असा त्याचा नियम. फक्त बायकोला सांगितलं. आणि तिचा विश्वास बसला नाही!

बसणार कसा? वहिनी महाराजांच्या भक्त. त्या वाक्याला रडायला म्हणून त्या नवऱ्याच्या पासावर पुन्हा पुन्हा यायच्या. "तुम्ही काय, स्टुलावर बसून वाचून दाखवायचात," त्या म्हणायच्या. "छत्री म्हणे माझी! घरात कधी एक धड वाक्य बोललात का?" हा वाद त्यांच्या संसारात इतकी वर्षं चालला की पाहुण्यांनाही पाठ झाला होता. कुजबुज हसण्यावारी न्यायचा, पण मला ठाऊक होतं, त्याला ते आत कुठेतरी टोचायचं. जगाने महाराजांचं मानावं, त्याला हरकत नव्हती. एका माणसाने तरी आपलं मानावं, एवढीच त्याची इच्छा होती.

मग आमच्या जुन्या लाइटवाल्याने घर आवरताना त्याला एक कॅसेट आणून दिली. त्याच प्रयोगाची. टेपरेकॉर्डर तेव्हा विंगेतच ठेवलेला होता, कुजबुजच्या स्टुलाशेजारी.

"म्हणजे मी त्यात असणार," कुजबुज माझ्या कानाशी म्हणाला.

घरातला टेपरेकॉर्डर कधीच भंगारात गेला होता. कॅसेट वाजवणारी एकच वस्तू शिल्लक होती, ती म्हणजे मेव्हण्याने टाकून दिलेली आणि कुजबुजच्या गळ्यात पडलेली गाडी. आम्ही दोघं तिच्यात बसलो आणि कॅसेट लावली. महाराज ऐकू आले, तेही गोधडीतून बोलल्यासारखे. कुजबुज कुठेच नाही. नुसतं सूं सूं. त्यात दारं खडखडत होती, डॅशबोर्ड कण्हत होता, आणि एका स्पीकरचा कागद तर उंदराने खाल्लेला.

"गाडीचा आवाज सुधारायचा," कुजबुजने जाहीर केलं. जाहीर म्हणजे, मला ऐकू आलं.

गल्लीच्या टोकाला एक गाडीत स्पीकर बसवणारा होता. त्याच्या स्वतःच्या गाडीच्या डिकीत स्पीकरचं एवढं मोठं खोकं होतं की तो गेला की शेजारच्या औषधाच्या दुकानातल्या बाटल्या नाचायच्या. त्या धमधमीला तो बेस म्हणायचा, म्हणून सगळे त्याला बेसवाला म्हणत.

"बोला काका, काय लावायचं?"

कुजबुज काहीतरी म्हणाला.

"काय?"

"कुजबुज ऐकू आली पाहिजे, म्हणतोय," मी दुभाषा झालो.

"बेस किती हवा?"

"बेस नको."

बेसवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याच्या आईला नावं ठेवली. "बेस नको? मग गाडीत वाजणार काय?"

"माणूस," कुजबुज म्हणाला.

मग बजेटचा विषय निघाला. आकडा ऐकून बेसवाल्याने तिघांत एकच चहा मागवला. पण गडी मनाचा चांगला. "नवीन प्लेयर तुम्हाला परवडायचा नाही आणि त्यात कॅसेट जायची नाही," तो म्हणाला. "आहे तोच साफ करू." त्याने प्लेयर बाहेर काढला, ढिला झालेला रबरी पट्टा बदलला, टेप जिथे घासत जाते ते हेड कापसाने पुसलं. कापूस काळाकुट्ट निघाला. भंगारातल्या एका गाडीचे पुढचे स्पीकर आणले आणि बाटलीच्या बुचाएवढे दोन बारके स्पीकर वर, काचेच्या कोपऱ्यांत बसवले. बारीक आवाज यांच्यातूनच येतो, म्हणाला. दारांच्या पत्र्याला आतून डांबराच्या पट्ट्या चिकटवल्या. खडखड थांबली.

मी माझा मखमली झगा घेऊन गेलो होतो. त्यात मी वृद्ध सम्राट म्हणून दोनशे वेळा मेलोय. "हा दारात कोंब," मी म्हटलं. "आवाज पिऊन टाकेल."

"आजोबा, दारात पाणी जातं, कुजेल तो. पायाखाली घालू." झालं! साम्राज्य गेलं गालिच्याखाली.

तरी सूं सूं होतंच. तेव्हा बेसवाल्याने प्लेयरच्या हेडशेजारचा इवलासा स्क्रू केसभर फिरवला. हेड टेपसमोर तिरकं बसलं होतं, ते सरळ झालं. आणि एकदम, डोळ्यावरचं फडकं काढावं तसा आवाज उघडला. महाराजांच्या आधी, काचेच्या कोपऱ्यातून, कुणीतरी श्वास घेतला.

कुजबुजने झटकन बटण दाबून टेप बंद केली. "पुढचं तिच्याबरोबर," म्हणाला.

संधीही चालून आली. महाराजांचा सत्कार होता. वहिनी ठेवणीतले कपडे घालून पुढच्या सीटवर बसल्या, मी मागे. गाडी निघाली, कॅसेट सुरू झाली. थोड्या वेळाने वहिनी म्हणाल्या, "अहो, चाकातली हवा जातेय का?"

"नाही. तो मी आहे."

वहिनींनी मान तिरकी केली. खरंच, प्रत्येक वाक्य आधी कोपऱ्यातून झुळकीसारखं यायचं, मग महाराज ते छाती फुगवून म्हणायचे. वहिनींचा चेहरा मला आरशात दिसत होता. आधी हसू होतं, मग ते गेलं.

शेवटचा प्रवेश आला. "जाते मी," नायिका म्हणाली. मग शांतता. पानांची चुरचुर. नखाने कागद खरवडल्याचा आवाज. अगदी हळू, "अरे देवा." पुन्हा चुरचुर. आणि मग, कुणी उशीवरून बोलावं तसं: "छत्री घेऊन जा."

त्यानंतर महाराज.

"गाडी बाजूला घ्या," वहिनी म्हणाल्या.

त्याने घेतली. त्यांनी स्वतः बटण दाबून टेप मागे नेली, पुन्हा ऐकली. पुन्हा नेली.

"हे तुम्हाला सुचलं?"

"दुसरं काही सुचेना."

"आणि तो म्हणतो, तीन रात्री झोपला नव्हता!"

"झोपला नसेलही. कारण वेगळं असेल."

मला हसू फुटलं. वहिनींना नाही. "मी किती रडलेय त्या वाक्याला. त्याच्या नावाने."

"माहीत आहे," कुजबुज म्हणाला. "विंगेतून दिसायचीस. तिसऱ्या रांगेत, कडेला."

त्यावर वहिनी काही बोलल्या नाहीत. यानेही, आयुष्यात पहिल्यांदाच, समोरच्याला वाक्य पुरवलं नाही.

सभागृहाशी पोहोचलो, तर वहिनी उतरेनात. "तुम्ही व्हा पुढे, भाऊजी." मी एकटा आत गेलो. महाराजांनी तीन रात्रींची गोष्ट सांगितली आणि ते वाक्य म्हटलं. म्हातारा झालाय, पण म्हटलं असं की माझ्या अंगावर काटा आला. मी मनापासून टाळ्या वाजवल्या. तेच वाक्य मी म्हटलं असतं, तर लोक हसले असते.

बाहेर आलो, तर गाडीच्या काचा घट्ट वर. मी मागचं दार उघडलं. वहिनींचं बोट बटणावर होतं.

"हे बघा, इथे तुम्ही तिला वाक्य दिलंच नाही. बिचारी ताटकळत उभी."

"ती श्वास घेत होती."

"श्वास कसला? विसरली होती ती! आणि मघाशी त्याला फार घाईने दिलंत. मागे घ्या, दाखवते."

कुजबुजने टेप मागे घेतली. इतका खूश चेहरा मी त्याचा कधीच पाहिला नव्हता. हाऊसफुलच्या बोर्डाखाली महाराजांचा असायचा तसा.

"काय मग वहिनी," मी म्हटलं, "पटलं ना शेवटी?"

"दार लावा आधी, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "रस्त्याचा आवाज येतोय."