टेपमधला आरडाओरडा

काल जुन्या कॅसेटचा खोका उघडला आणि त्या कुबट वासासरशी बंदरालगतच्या मिरकरवाड्यातली एक दुपार आठवली. मी आणि माझा मित्र इक्बाल एका रॉक बँडच्या जाहीर कार्यक्रमाची कॅसेट ऐकत होतो.

"स्टुडिओतलीच गाणी बरी. यात लोकच जास्त ओरडतायत," इक्बाल म्हणाला.

"अरे, त्या गर्दीतच तर मजा आहे," म्हणत मी आवाज वाढवला.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. "बंदरावर लोक ओरडतायत रे. तुझ्या बाबांची लाँच अजून आली नाय." आणि ती अनवाणीच पळत सुटली. मी टेप बंद केला, तर ओरडणंही थांबलं. जेट्टीवर तिला गाठून म्हटलं, "आई, टेप होता तो." ती मटकन खाली बसली.

बाबा संध्याकाळी सुखरूप परतले. मला मात्र चारचौघांत तिची लाज वाटली होती.

आता माझा मुलगा जहाजावर असतो. आई रोजच तशी घाबरत होती, हे आता कळतं.